गिटार विवर्धक, निर्वात नलिकायुक्त

गिटार विवर्धक, निर्वात नलिकायुक्त : विद्युत् गिटारच्या तारांच्या कंपनांपासून मिळणारा दुर्बल विद्युत् संकेत निर्वात नलिकांच्या साहाय्याने वाढवून ध्वनिक्षेपकाकडे पाठविणारे साधन. व्यवहारात निर्वात नलिकेला व्हॉल्व्ह आणि विवर्धकाला ॲम्प्लिफायर म्हणतात. ट्रँझिस्टराचा शोध १९४७ मध्ये लागल्यावर पुढील दोन-अडीच दशकांत रेडिओ व ग्रॅमोफोन यांतून नलिका जवळजवळ हद्दपार झाल्या. गिटार विवर्धकात मात्र त्या टिकून राहिल्या. जुने नलिका विवर्धक शोधून विकत घेणे व दुरुस्त करून पुन्हा वाजते करणे हा अनेक देशांत छंद आणि काही अंशी व्यवसायही झाला आहे. मुंबईत अशा साधनांचे मूळ बरेचसे मोडीच्या बाजारात असते. तेथे तांब्याच्या वजनावर त्यांचा भाव ठरत असल्याने जीर्णोद्धार करणाऱ्याची स्पर्धा मुख्यतः तांबे वितळविणाऱ्या भट्टीशी असते.

रचना व कार्य : गिटारच्या पोलादी तारांखाली चुंबक व त्याभोवती गुंडाळलेले बारीक तारेचे वेटोळे बसविलेले असते. तार कंप पावली की, वेटोळ्यात काही मिलिव्होल्टांपासून काही शतांश मिलिव्होल्टांपर्यंत नव्हे, तर काहीशे मिलिव्होल्टांपर्यंत विद्युत् दाब निर्माण होतो. तो प्रथम ईसीसी ८३ (अमेरिकी संज्ञा १२ एएक्स ७) यासारख्या त्रिप्रस्थ नलिकेत वाढवितात. तापलेल्या ऋणाग्रातून निघणारे इलेक्ट्रॉन धनाग्राकडे जात असता वाटेतील जालकावरील दाबात अल्प बदल केला, तरी प्रवाहात मोठा बदल होतो, हे या वर्धनाचे तत्त्व होय. त्यानंतर ईएल ८४, ईएल ३४ किंवा ६ एल ६ यांसारख्या शक्तिनलिका येतात. त्यांना २५० ते ४५० व्होल्ट एकदिश दाब लागतो आणि त्यांच्या धनाग्र मंडलाचा संरोध काही हजार ओहम असतो. ध्वनिक्षेपकाचा संरोध अवघा ४ ते १६ ओहम असल्याने दोहोंचा मेळ घालण्यासाठी मध्ये प्रदान रोहित्र, म्हणजे बाजारातील भाषेत आउटपुट ट्रान्सफॉर्मर, बसवावे लागते. [⟶ इलेक्ट्रॉनीय नलिका; रोहित्र].

रेडिओत विरूपण हा दोष मानला जातो. गिटार विवर्धकात तोच गुण ठरला. क्षमतेबाहेर वाजविलेली नलिका संकेताचे शिखर एकदम न छाटता गोलसर दाबते व मूळ स्वरात प्रसंवादी स्वरांची भर घालते. नलिका सम प्रसंवादी देतात म्हणून त्या गोड वाजतात, असे जे सर्रास सांगितले जाते ते अर्धेच खरे आहे. दोन शक्तिनलिका आळीपाळीने कार्य करणाऱ्या मंडलात सम प्रसंवादी एकमेकांना बहुतांशी रद्द करतात आणि विषमच प्रबळ राहतात. असे असूनही हे विवर्धक वादकांना आवडतात. रोहित्राच्या गाभ्याचे संपृक्त होणे, नलिका-एकदिशकारकामुळे जोराच्या आघातासरशी दाब किंचित खचणे आणि ध्वनिक्षेपकाच्या कागदी शंकूचे स्वतःचे गुणधर्म या सर्वांचा त्यात वाटा असतो. थोडक्यात, विवर्धक हा येथे वाद्याचाच अर्धा भाग आहे.

इतिहास : ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये त्रिप्रस्थ नलिका तयार केली. गिटारसाठी खास विवर्धक १९३० नंतर अमेरिकेत विकले जाऊ लागले. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांचे १९५० नंतरचे विवर्धक, इंग्लंडमधील व्हॉक्स एसी ३० आणि फेंडर यांच्या ‘बेसमन’ या नमुन्यावर जिम मार्शल यांनी १९६२ मध्ये लंडनमध्ये तयार करविलेला जेटीएम ४५ हे पुढील बहुतेक विवर्धकांचे पूर्वज होत.

भारतात आयातीवरील निर्बंधांमुळे ही परदेशी साधने १९९१ पूर्वी दुर्मिळच होती. १९६० नंतर मुंबईत पाश्चात्त्य धर्तीचे गिटारवादकांचे संच निघाले, १९७० व १९७१ मध्ये सिमला बीट स्पर्धा गाजल्या; तथापि सर्वसामान्य वादकाला सभासमारंभातील देशी ध्वनिवर्धकावर किंवा घरच्या रेडिओवर भागवावे लागे. त्या काळच्या पुष्कळ रेडिओंच्या पाठीमागे ग्रॅमोफोन जोडण्यासाठी दोन छिद्रे असत. गिटारची तार तेथे खुपसली की रेडिओचा विवर्धक होई. सभेच्या ध्वनिवर्धकांत मुंबईच्या शिकागो रेडिओचे व दिल्लीच्या अहुजाचे नाव घरोघर माहीत होते. शिकागो रेडिओचे नानक मोटवाने यांच्यावर १९४२ च्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या प्रकरणात खटलाही झाला होता व त्यातून ते निर्दोष सुटले. नलिकांच्या बाबतीत देश फार काळ परावलंबी राहिला नाही : बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९६१ मध्ये ग्राही नलिकांचे उत्पादन सुरू केले. तिच्या नलिका जुन्या साठ्यातून अद्याप मिळतात व गुणाने त्या युरोपीय नलिकांच्या पंक्तीला बसतात.

लालबाग-परळच्या मिरवणुकांतील बँजो हे याच कुळातील देशी वाद्य म्हणता येईल. मोरिता गोरो यांनी १९१२ मध्ये जपानमधील नागोया येथे शोधलेल्या ताइशोगोतो या वाद्यापासून ते आले. टंकलेखन यंत्रासारख्या कळा दाबून ते वाजवितात आणि तारांखालील चुंबकीय वेटोळ्याचा संकेत विवर्धकामार्फत कर्ण्याला देतात. कर्णा खर्ज जवळजवळ गाळून टाकतो आणि वरचे स्वर पुढे काढतो. बँजो पार्टीचा जो भेदक सूर गिरणगावाच्या गल्लीत दोन चौकांपलीकडून ओळखू येतो, तो वाद्याइतकाच कर्ण्याचाही आहे.

जुना माल व बाजार : मुंबई बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील रे रोड स्थानक १९१० मध्ये कुर्ल्याकडून आलेल्या हार्बर मार्गावर सुरू झाले; १८८५–९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे नाव त्याला मिळाले. स्थानकाच्या पूर्वेस बंदराच्या जमिनीवर दारूखाना हा भाग आहे. येथे दीर्घकाळ जहाजे मोडली जात. गुजरातमधील अलंग येथे १९८३ मध्ये हा धंदा सुरू झाल्यावर त्याचा मोठा भाग तिकडे गेला. तरी १९९७ मध्ये निवृत्त झालेली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ २०१४ मध्ये मोडण्यासाठी दारूखान्यातच आणली गेली. जहाजाच्या लोखंडाबरोबर दिवे, घड्याळे, बिनतारी संच व घोषणांसाठीचे विवर्धकही किनाऱ्यावर येतात. रोहित्रातील तांबे आणि पत्रे वेगळे करून विकण्यात मोडवाल्याला खात्रीचा पैसा असल्याने तो ते प्रथम तोडतो. नलिका व खोके फुकट दिल्यासारखे उरते. खरेदीदाराच्या दृष्टीने हे नेमके उलटे आहे. नलिका, धारित्रे, रोधक सर्व नवे मिळते, चांगले प्रदान रोहित्र मात्र मिळत नाही. मटण स्ट्रीटच्या चोरबाजारात जुने रेडिओ व ग्रॅमोफोन शोभेच्या वस्तू म्हणून विकले जातात व तेथे भाव दिसण्यावर ठरतो. नव्या सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोड हाच मुख्य बाजार आहे.

जहाजावरून आलेल्या साधनाबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. जुन्या जहाजांवर वीज बहुधा ११० किंवा २२० व्होल्ट एकदिश असे आणि नंतरच्या जहाजांवर ६० हर्ट्‌झ कंप्रतेची प्रत्यावर्ती. मुंबईत ती २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ आहे. ६० हर्ट्‌झसाठी बेताच्या गाभ्यावर बांधलेले रोहित्र त्याच दाबाला ५० हर्ट्‌झवर चालविल्यास त्यातील चुंबकीय स्रोत एक पंचमांशाने वाढतो व ते तापते. अमेरिकी ११७ व्होल्टांच्या विवर्धकाला दाब उतरविणारे वेगळे रोहित्र लावणे भागच असते. ब्रिटिश साधनांवर पुष्कळदा २०० ते २५० व्होल्टांची निवड करणारी चकती असते. ती कोठे लावलेली आहे हे प्रथम पाहावे.

खरेदीच्या वेळची परीक्षा : विक्रेता ‘लावून दाखवतो’ म्हणाला, तरी वर्षानुवर्षे बंद पडलेले साधन एकदम विजेला जोडू देऊ नये, त्या अर्ध्या मिनिटातच रोहित्र जाऊ शकते. रोहित्रावर वितळलेले मेण, काळवंडलेला कागद किंवा जळका वास आहे काय, फ्यूजच्या जागी तांब्याची तार घातली आहे काय, हे पाहावे. नंतर साध्या मीटरने रोहित्राची सर्व वेटोळी अखंड असल्याची खात्री करावी. मुंबईच्या खाऱ्या व दमट हवेत केसासारख्या बारीक तारेवर हिरवा गंज चढून ती आतल्या आत तुटते. प्रदान रोहित्राचे मुख्य वेटोळे असे तुटलेले पुष्कळदा आढळते.

रोहित्राचे गुणोत्तर काढणे सोपे आहे. सर्व नलिका काढून ध्वनिक्षेपकाच्या बाजूला २ व्होल्ट प्रत्यावर्ती दाब दिला आणि मुख्य बाजूला ६३ व्होल्ट मिळाले, तर गुणोत्तर ३१·५ व त्याचा वर्ग सुमारे ९९० येतो. ८ ओहमच्या ध्वनिक्षेपकासाठी संरोध जवळजवळ ८,००० ओहम झाला, म्हणजे हे रोहित्र ईएल ८४ च्या जोडीसाठी योग्य ठरते. मोजताना मुख्य बाजूला हात लागू देऊ नये.

नलिकेच्या माथ्यावरील रुपेरी डाग पांढरा पडला असेल, तर आत हवा शिरलेली असते व ती नलिका निरुपयोगी होय. काचेवरील छापील नावावर विसंबू नये. ते बोटानेही पुसते आणि पुन्हा छापता येते. रशिया, स्लोव्हाकिया व चीन येथे शक्तिनलिकांचे उत्पादन चालू आहे. त्यामुळे केवळ नलिका नाहीत म्हणून विवर्धक नाकारू नये.

जीर्णोद्धार : पहिले काम विजेच्या दोरीचे. जुन्या दोन तारी दोरीऐवजी तीन तारी दोरी घालून लोखंडी बैठकीला अर्थिंग जोडावे. विजेची तार व बैठक यांमध्ये धारित्र असल्यास ते काढून टाकावे; ते बिघडले की गिटारच्या तारांतच वीज येते व वादकाच्या जिवावर बेतते. ज्या स्वस्त साधनांत मुख्य रोहित्रच नसते व बैठक थेट विजेच्या एका तारेला जोडलेली असते, ती गिटारसाठी मुळीच वापरू नयेत.

दुसरे काम धारित्रांचे. बाजारात यांना कंडेन्सर म्हणतात. विद्युत् दाब स्थिर करणारी मोठी धारित्रे आतील द्रव वाळल्याने निकामी होतात. हळूहळू दाब चढवून ती पुन्हा तयार करता येतात, असे काही जण सांगतात. पण ती सरळ बदलणेच शहाणपणाचे. मूळ ॲल्युमिनियमचे डबे शोभेसाठी जागेवर ठेवून नवी धारित्रे बैठकीखाली बसवावीत. अधिक मोठे धारित्र अधिक चांगले, ही समजूत चुकीची आहे : जीझेड ३४ या एकदिशकारक नलिकेपुढे ६० मायक्रोफॅराडपेक्षा मोठे पहिले धारित्र लावल्यास नलिकेवर घातक ताण पडतो.

याहूनही घातक असतात ती दोन टप्प्यांना जोडणारी मेणकागदी युग्मन धारित्रे. त्यांतून अल्प गळती झाली, तरी शक्तिनलिकेच्या जालकावर धन दाब येतो, प्रवाह बेसुमार वाढतो, धनाग्र लालभडक होते आणि शेवटी प्रदान रोहित्र जळते. काही रुपयांच्या सुट्या भागापायी न मिळणारी वस्तू नष्ट होण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. परीक्षा अशी : शक्तिनलिका काढून तिच्या जालकाच्या छिद्रावर एकदिश दाब मोजावा. जेथे जालक भूमीशी रोधकाने जोडलेले असते तेथे तो शून्य असला पाहिजे. एक व्होल्ट दिसला तरी धारित्र बदलावे. त्यानंतर नलिका घालून ऋणाग्राच्या रोधकावरील दाब पाहावा. २५० व्होल्टांवर चालणाऱ्या एकट्या ईएल ८४ ला १३५ ओहमचा रोधक असता तो सुमारे ७·३ व्होल्ट येतो. कार्बन रोधकांचे मूल्य वयाबरोबर चढते. जे पाचव्या हिश्शाहून अधिक बदलले असतील तेच बदलावेत. काढलेला प्रत्येक भाग जागेच्या नोंदीसह जपून ठेवावा, कारण पुढच्या दुरुस्त करणाऱ्याला मूळ मंडल त्यावरूनच कळते.

विजेला जोडताना प्रथम ६० वॉटचा साधा तारेचा दिवा मालिकेत लावावा. तो प्रखर पेटला तर आत कोठे तरी तारा जुळलेल्या आहेत. क्षणभर उजळून मंदावला तर पुढे जाण्यास हरकत नाही. डिमरस्टॅटने दाब हळूहळू वाढविण्याची पद्धतही रूढ आहे. ध्वनिक्षेपक किंवा योग्य रोधक जोडल्याशिवाय विवर्धक कधीही वाजवू नये. भार नसता रोहित्रात अतिशय उच्च दाब उसळून निरोधन फुटते. वीज बंद केल्यावरही धारित्रांत ४०० व्होल्टांपर्यंत भार राहतो. तो रोधकातून उतरविल्याशिवाय व मीटरवर शून्य पाहिल्याशिवाय आत हात घालू नये. काम करताना एक हात पाठीमागे ठेवण्याची जुन्या कारागिरांची सवय अनुकरणीय आहे.

प्रदान रोहित्र जळालेच असेल, तर ते पुन्हा भरून घेता येते, मात्र मोटारींचे वाइंडिंग करणाऱ्याला तसेच देऊन चालत नाही. चांगल्या रोहित्रात मुख्य व दुय्यम वेटोळ्यांचे थर आलटून पालटून असतात. ते एकावर एक सरसकट भरल्यास वरचे स्वर मंदावतात. म्हणून जुने वेटोळे उलगडताना प्रत्येक थराचे वेढे, तारेची जाडी व थरांचा क्रम लिहून घ्यावयास सांगावे. एकच शक्तिनलिका असलेल्या विवर्धकात गाभ्याच्या पत्र्यांमध्ये कागदाएवढी फट मुद्दाम ठेवलेली असते. कारागीर ती चूक समजून पत्रे एकमेकांत गुंतवितो आणि रोहित्र निकामी होते.

सभेच्या ध्वनिवर्धकाचे गिटार विवर्धकात रूपांतर करणे मुंबईत सर्वांत स्वस्त पडते. त्यासाठी आदान रोधक सुमारे १० लक्ष ओहम करावा, १०० व्होल्टांच्या कर्ण्याच्या मार्गाऐवजी ८ किंवा १६ ओहमची जोडणी वापरावी आणि पुनःप्रदाय कमी करून पाहावा. जी साधने मूळ अवस्थेत पूर्ण आहेत व ज्यांवर निर्मात्याचे नाव शाबूत आहे, त्यांत असे फेरफार करू नयेत. देशी ध्वनिवर्धकांचे अखंड नमुने आता फार थोडे उरले आहेत.

पावसाळ्यात विवर्धक कपाटात बंद ठेवण्यापेक्षा आठवड्यातून अर्धा तास चालू ठेवावा. नलिकांच्या उष्णतेने रोहित्रातील ओल निघून जाते व ध्वनिक्षेपकाच्या कागदी शंकूला बुरशी लागत नाही.