खंड्याच्या पाठीवरची निळाई

मुकुटात निळा रंग हवा असेल तर नीलम जडवावा किंवा मिन्याचं काम करावं, असं आपल्याला वाटतं. चिनी कारागिरांनी मात्र त्यासाठी खंड्याचं पीस वापरलं. बीजिंगजवळच्या दिंगलिंग समाधीत १९५६ ते १९५८ दरम्यान उत्खनन झालं, तेव्हा मिंग सम्राट वानलीच्या राण्यांचे मुकुट सापडले. त्यांवर ड्रॅगन, फिनिक्स, हजारो मोती, शंभरावर रत्नं आणि त्यांच्या जोडीला हे पीस.

या कलेला त्यानत्सुई म्हणतात. मुलामा दिलेल्या चांदीच्या पत्र्यावर बारीक तारेच्या कडा डाखून कप्पे करायचे, पिसाचे तंतू मापात कापायचे आणि सरसाने एकेक चिकटवायचे. काम पुरं झालं की लांबून मिनाच वाटतो.

गंमत म्हणजे या पिसात निळं रंगद्रव्य नसतंच. तंतूंच्या आत केराटिनची सूक्ष्म, स्पंजासारखी जाळी असते आणि तिच्यावरून निळा प्रकाश परत फिरतो. रंगद्रव्यच नाही, त्यामुळे उन्हाने विटण्याचा प्रश्न फारसा येत नाही. वैरी असतात ते किडे आणि सुटत जाणारा सरस.

मागणी इतकी, की पिसं कंबोडियातूनही येत. १२९६-९७ मध्ये अंगकोरला राहिलेल्या चिनी दूत चौ ताकुआनने तिथली शिकार नोंदवली आहे: जंगलातल्या तळ्याकाठी पारधी पानांखाली दडून बसतो. पिंजऱ्यातली मादी हे आमिष, हातात छोटं जाळं. कधी तीन-पाच पक्षी मिळतात, कधी एकही नाही.

वासुदेवाच्या टोपीतल्या मोरपिसांशी याची तुलना करून चालणार नाही. मोर दरवर्षी पिसारा गाळतो. गळलेली पिसं वेचावीत, मोर जिवंतच राहतो. खंड्याची पिसं एवढीएवढीशी, आणि तीही इथे एक, तिथे एक अशी गळतात. ती वेचून मुकुट कधी भरायचा? म्हणून पक्षीच मारला जाई. कारागिरी अजोड होती हे मान्य, पण ही किंमत तिच्या कौतुकात सहसा सांगितली जात नाही.

पिसांच्या व्यापाराला ब्रिटिश हिंदुस्थानने १९०२ मध्ये निर्यातबंदी करून लगाम घातला. चिनी संगीतनाट्याच्या शिरोभूषणांत आता निळी रेशमी फीत किंवा रंगवलेली हंसाची पिसं लावतात. जुन्या जाणत्यांना त्यात ती लकाकी दिसत नाही. खरंच आहे, रंगद्रव्यातून ती येणार कशी?