कुत्र्याएवढा ससा पाळायचाय? झाई-तलासरीच्या हवेत तो टिकेल का, आधी हे वाचा

झाई (ता. तलासरी) : मोबाईलवर रील येते. परदेशातल्या कुणाच्या तरी कुशीत लहान मुलाएवढा ससा, कान हातभर लांब, अंगानं गुबगुबीत. पोरं लगेच हट्ट धरतात, "आपण पण आणूया." मग व्हॉट्सअॅपवर जाहिरात दिसते, "जायंट सशाची पिल्लं मिळतील, ट्रेननं पार्सल." झाईपासून उंबरगाव, वापी जवळ आणि मुंबईही गाडीनं गाठता येते, त्यामुळे पिल्लू घरी आणणं अवघड नाही. ते किनाऱ्यावरच्या दमट उन्हाळ्यात जगवणं मात्र अवघड आहे. पैसे देण्याआधी पुढची माहिती घरातल्या सगळ्यांनी वाचावी.

हा ससा नेमका कुठला?

रीलमध्ये दिसतो तो बहुतेक वेळा 'फ्लेमिश जायंट' किंवा त्याच्याच कुळातला 'कॉन्टिनेन्टल जायंट' असतो. मूळ बेल्जियममधला फ्लँडर्स भाग, म्हणजे थंड मुलूख. वाढलेला फ्लेमिश जायंट साधारण ६ ते ७ किलोचा भरतो, काही त्याहून जड होतात. अमेरिकेतल्या प्रदर्शनांच्या नियमानुसार मोठ्या नराचं वजन किमान १३ पौंड, म्हणजे जवळपास ६ किलो लागतं. मादी त्याहूनही थोडी जड. जगातला सर्वात लांब ससा म्हणून नोंद झालेला इंग्लंडमधला 'डॅरियस' २०१० मध्ये मोजला तेव्हा १२९ सेंटीमीटर होता, म्हणजे सव्वाचार फूट.

आपल्याकडे 'जायंट' म्हणून विकला जातो तो पुष्कळदा वेगळाच असतो. भारतात ससेपालनासाठी 'व्हाइट जायंट', 'ग्रे जायंट', 'सोव्हिएत चिंचिला' आणि 'न्यूझीलंड व्हाइट' या जाती बऱ्याच वर्षांपासून आहेत. राजस्थानातल्या अविकानगरची केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आणि तिचं तमिळनाडूतलं मन्नवनूर इथलं केंद्र सशांवर काम करतं. हे ससे चांगले असतात, पण वजन साधारण ४ ते ५ किलोपर्यंत जातं. कुत्र्याएवढे ते होत नाहीत.

महिन्या-दीड महिन्याचं पिल्लू बघून ते पुढे ४ किलोचं होईल की ७ किलोचं, हे नवख्याला ओळखता येत नाही. म्हणून फक्त पिल्लू बघून पैसे देऊ नयेत. आई-बाप प्रत्यक्ष दाखवा आणि समोर वजन करा, असं विकणाऱ्याला सांगावं. टाळाटाळ झाली तर सौदा सोडून द्यावा.

रानातला ससा घरी आणायचा नाही

मराठीत दोघांनाही आपण 'ससा'च म्हणतो, त्यामुळे इथं घोटाळा होतो. तलासरी-डहाणूच्या माळावर, गवतात, वाड्यांच्या कडेला दिसतो तो भारतीय रानससा. पाळीव ससा हा युरोपातल्या सशापासून आलेला, वेगळा प्राणी. दोघांची जोडी जमत नाही, पिल्लं होत नाहीत.

ओळखायची सोपी खूण आहे. रानसशाचं पिल्लू जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांचं असतं. ते बिळात नाही, गवतातच दबा धरून बसतं. पाळीव सशाचं पिल्लू उघडं, गुलाबी आणि मिटल्या डोळ्यांचं जन्मतं.

गवत कापताना असं केसाळ पिल्लू एकटं सापडलं की पोरं घरी घेऊन येतात. पण ते सोडून दिलेलं नसतं. आई दिवसभर मुद्दाम लांब राहते आणि अंधार पडल्यावर येऊन दूध पाजते. घरी आणलेलं पिल्लू गाईच्या दुधावर सहसा जगत नाही. ते होतं तिथंच ठेवावं. गवत कापायचंच असेल तर तेवढा तुकडा सोडून पुढे जावं.

शिवाय रानससा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. त्याला पकडणं, मारणं, पाळणं हा गुन्हा आहे आणि त्यात तुरुंगवास व दंड होऊ शकतो. जखमी रानससा सापडला तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावं.

पाळीव ससा घरी ठेवायला मात्र बंदी नाही. पाळीव प्राणी विकणाऱ्या दुकानांसाठी २०१८ चे केंद्राचे नियम आहेत. त्यात सशाचाही समावेश आहे आणि दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. दुकानातून घेत असाल तर नोंदणी विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

खरा शत्रू उकाडा

सशाला माणसासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. १० ते २० अंश तापमान त्याला मानवतं. ३० च्या वर गेलं की त्रास सुरू होतो. अंग जितकं मोठं आणि केस जितके दाट, तितका त्रास जास्त. झाईला एप्रिल-मेमध्ये पारा ३० च्या वर असतोच, वर समुद्राची दमट हवा. तलासरीकडे आत गेलं की ऊन आणखी कडक. पत्र्याच्या शेडखाली तर भट्टीच होते.

म्हणून पहिला नियम: पत्र्याखाली जायंट ससा ठेवू नये. कौलारू घराची ओटी, कुडाच्या भिंतीचा गारवा, आंब्या-चिकूची दाट सावली यांतलं काहीतरी हवं. जमीन शेणानं सारवलेली किंवा लादीची असेल तर ससा पोट टेकून बसतो आणि त्याला थंडावा मिळतो.

मच्छीमारांच्या गावात बर्फ सहज मिळतो, त्याचा उपयोग करता येतो. प्लास्टिकच्या बाटलीत पाणी गोठवून ती फडक्यात गुंडाळावी आणि दुपारी खुराड्यात ठेवावी. ससा स्वतःच तिला टेकून बसतो. पंखा चालेल, पण वारा थेट तोंडावर नको. वीज गेली तर काय करायचं, हेही आधीच ठरवून ठेवावं.

ऊन लागल्याची लक्षणं अशी: भराभर धाप, कान लाल आणि गरम, तोंडाला लाळ, पाय पसरून पडणं, उठताना झोकांडी जाणं. असं दिसलं की लगेच सावलीत आणावं. साध्या गार पाण्यानं कान ओले करावेत, हळू वारा घालावा आणि डॉक्टरांना फोन करावा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये, त्या धक्क्यानंच जनावर दगावू शकतं.

पावसाळ्यात तळपाय आणि शेपटीकडे लक्ष

जूनपासून वेगळी कटकट सुरू होते. ओल राहिली की सशाच्या तळपायाला जखमा होतात. ६-७ किलोचं वजन त्याच पायांवर असल्यामुळे मोठ्या जातीत हे जास्त दिसतं. तारेच्या जाळीचा तळ असलेला पिंजरा म्हणूनच जायंटसाठी चालत नाही. खाली लाकडी फळी आणि तिच्यावर भाताच्या पेंढ्याचा जाड थर द्यावा. ओला झालेला पेंढा रोज काढून टाकावा.

शेपटीखाली घाण चिकटून राहिली तर माश्या तिथं अंडी घालतात आणि दिवसाभरात अळ्या पडू शकतात. पावसाळ्यात रोज सकाळ-संध्याकाळ मागची बाजू उलटून बघावी. सशाला आंघोळ मात्र घालू नये. घाण लागली असेल तेवढीच जागा ओल्या फडक्यानं पुसून कोरडी करावी.

खायला काय? उत्तर आपल्याच माळावर

चित्रात ससा गाजर खातो, म्हणून लोक गाजरंच घालत बसतात. सशाचं खरं अन्न गवत. खाण्यातला ८० टक्क्यांच्या आसपास भाग गवताचा हवा. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चावूनच ते झिजतात. गवत कमी पडलं की दात वाकडे वाढतात, तोंडात जखम होते आणि ससा खाणं सोडतो.

आपल्या भागात पावसाळा संपला की माळावरचं गवत कापून, वाळवून, गठ्ठे बांधून मुंबईच्या तबेल्यांना जातं. तेच वाळकं गवत सशासाठी उत्तम. ६ किलोच्या सशाला रोज साधारण २०० ते २५० ग्रॅम सुकं खाणं लागतं, म्हणजे महिन्याला ६-७ किलो. दिवाळीनंतर वर्षभराचं गवत कोरड्या जागी भरून ठेवलं तर खर्च फार येत नाही. बुरशी आलेलं किंवा कुबट वासाचं गवत मात्र टाकून द्यावं.

सोबत थोडा हिरवा पाला चालतो: दुर्वा, कोथिंबीर, मेथी, मुळ्याचा पाला, शेवग्याचा पाला. औषध फवारलेली भाजी नको. वाडीत फवारणी झाली असेल तर तिथलं गवतही नको. चिकू, केळी, गाजर गोड असतात, त्यामुळे आठवड्यातून एक-दोनदा एखादी फोड पुरे. भात, भाकरी, बिस्कीट, फरसाण, बटाटा, कांदा, लसूण, चॉकलेट घालू नये. कण्हेर, धोतरा, एरंड विषारी आहेत, ससा मोकळा फिरतो तिथं ही झाडं नसावीत.

पाणी कायम समोर हवं. मोठा ससा दिवसाला अर्धा लिटर सहज पितो, उन्हाळ्यात जास्त.

एक गोष्ट बघून लोक घाबरतात. ससा स्वतःच्याच मऊ लेंड्या खातो. हा आजार नाही. पहिल्या फेरीत न पचलेलं सत्त्व तो असं परत घेतो. त्याला अडवू नये.

न खाणारा ससा म्हणजे तातडीचं दुखणं

गाय एक वेळ चारा सोडते, तर आपण उद्या बघू म्हणतो. सशाचं तसं नाही. त्याचं पोट सतत चालू लागतं. १०-१२ तास काही खाल्लं नाही, लेंड्या थांबल्या, कोपऱ्यात अंग आवळून बसला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलं तर पुष्कळदा उशीर होतो.

पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री नंबर आहे. पण सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचं रोजचं काम गाई-म्हशी, शेळ्या-कोंबड्यांचं. सशाचं ऑपरेशन, भूल, दात कापणं यासाठी मुंबईला, परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यापर्यंत जावं लागू शकतं. झाईहून हा प्रवास तीन-चार तासांचा, आणि तोही आजारी जनावर घेऊन. आणण्याआधी हा हिशेब करावा.

मेडिकलमधून स्वतःच्या मनानं औषध आणू नये. माणसाला चालणारं अमॉक्सिसिलिन सशाला तोंडावाटे दिलं तर त्याच्या पोटातले उपयोगी जंतू मरतात आणि जीव जाऊ शकतो. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणारं फिप्रोनिलचं औषधही सशाला लावायचं नाही. खरूज, कानातले किडे सशांत होतात, पण डोस डॉक्टरांनीच ठरवायचा.

उचलायचं कसं, ठेवायचं कुठं

कान धरून ससा उचलणं ही सगळ्यात वाईट सवय. एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली, असं अंगाशी घट्ट धरूनच उचलावं. पाय अधांतरी राहिले तर तो जोरात लाथ मारतो आणि त्या झटक्यात त्याचाच मणका मोडू शकतो. लहान मुलांनी ६ किलोचा ससा उचलूच नये. खाली बसून हात फिरवावा, ससाही खूष आणि मूलही सुरक्षित.

कोंबडीच्या खुराड्यात तो मावत नाही. साधारण ६ फूट लांब आणि ४ फूट रुंद जागा, शिवाय रोज काही तास मोकळं फिरणं हवं. रात्री भक्कम दार लागतं. भटकी कुत्री, बोके, मुंगूस, घूस आणि साप, सगळेच आसपास असतात. कुत्रा आत शिरला नाही, नुसता जाळीबाहेर भुंकत राहिला, तरी ससा भीतीनं दगावू शकतो.

जोडी घेतली तर पुढे काय?

मादी साधारण ३१ दिवसांत विते आणि मोठ्या जातीत एका वेळी दहाच्या पुढेही पिल्लं होऊ शकतात. ती कोण घेणार, हे आधी ठरवावं. घरात सांभाळायला एकाच आईच्या दोन माद्या बऱ्या. नर-मादी असतील तर तीन-साडेतीन महिन्यांनंतर वेगळं ठेवावं.

"जोडी घ्या, पिल्लं आम्ही परत विकत घेतो" अशा जाहिरातीपासून लांब राहावं. राज्यात एमूच्या आणि २०१९ मध्ये सांगलीकडे उघड झालेल्या कडकनाथ कोंबडीच्या प्रकरणात याच वायद्यावर शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. जायंट ससा मांसासाठीही फायद्याचा नाही. तो हळू वाढतो, हाड जड असतं आणि खाणं जास्त लागतं. ससेपालनाचा धंदाच करायचा असेल तर आधी कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात विचारावं.

कंटाळा आला म्हणून पाळीव ससा रानात सोडणं हा उपाय नाही. त्याला लपायची, पळायची सवय नसते. कुत्री-कोल्ही एक-दोन दिवसांत संपवतात. आणि जगले-वाढले तर उलटा ताप. ऑस्ट्रेलियात १८५९ मध्ये शिकारीसाठी दोन डझन ससे सोडले, त्यांच्या वंशानं पुढे तिथल्या शेतीचं अतोनात नुकसान केलं.

आणण्याआधी घरात विचारायचे पाच प्रश्न

१. मे महिन्यात दुपारी घरातली सर्वात थंड जागा कुठली, आणि ती सशाला देणार का?

२. वर्षभराचं कोरडं गवत ठेवायला जागा आहे का?

३. सशाला तपासणारा डॉक्टर कोण, त्याचा नंबर आहे का?

४. घरातली माणसं बोटीवर किंवा कामाला गेली की रोज साफसफाई कोण करणार?

५. हा ससा ५ ते ८ वर्षं जगतो. पोरं दहावी-बारावीला गेली, तरी त्याची जबाबदारी कोण घेणार?

पाचही उत्तरं पक्की असतील तर थंडीच्या दिवसांत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत पिल्लू आणावं. ते दोन महिन्यांपेक्षा लहान नसावं. उन्हाळ्याआधी इथल्या हवेशी जुळवून घ्यायला त्याला थोडा वेळ मिळतो. एखाद्या प्रश्नाचं उत्तर अडलं, तर साधा ४ किलोच्या आतला देशी बाजारातला ससाही मुलांना तितकाच लळा लावतो. उकाड्यापासून जपावं त्यालाही लागतंच, पण जागा आणि गवत कमी लागतं, आणि उचलणंही सोपं जातं.