मार्चअखेरची भेळ

जिल्हा कोषागारात भेळेचं सामान यायला लागलं की समजावं, मार्च संपत आला. एका तालुक्याच्या कृषी कार्यालयाची बिलं घेऊन मी बरीच वर्षं तिथल्या बाकांवर बसले आहे. टोकन मिळालं की वाट बघणं आणि इकडंतिकडं बघणं, एवढंच काम उरतं.

आपलं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, ही रीत १८६७ पासूनची. मंजूर अनुदान ३१ मार्चपर्यंत खर्ची पडलं नाही तर हातचं जातं. त्यात कित्येक खात्यांना निधी सुटतोच मुळी शेवटच्या आठवड्यात. निधीवाटपाच्या बीम्स प्रणालीवर आकडा दिसला की जिल्हाभरातून क्लार्क मंडळी गठ्ठे घेऊन धावत सुटतात. मार्चमधल्या या घाईवर महालेखापरीक्षक वर्षानुवर्षं ताशेरे ओढतात. ताशेरे झेलणारे मंत्रालयात असतात, गठ्ठे झेलणारे इथे.

पाच दिवसांचा आठवडा २०२० मध्ये आला, तेव्हा कामाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा ठरली. जेवणाला एक ते दोनच्या दरम्यान अर्धा तास. मार्चअखेरीस सव्वासहाला जेमतेम निम्मा दिवस झालेला असतो. दुपारचे डबे कधीच रिकामे झालेले, रात्रीच्या जेवणाचा पत्ता नाही. अशा वेळी आठच्या सुमारास कुणीतरी म्हणतं, "मामा, करायची का?"

मामा म्हणजे तिथले शिपाई. कोपऱ्यावरच्या फरसाणवाल्याकडून चुरमुरे, पाव किलो फरसाण, शेव आणि चिंचेच्या चटणीची पिशवी आलेली असते. कांदा, मिरची, कोथिंबीर आणि चाकू मामांच्या कपाटात, कोऱ्या फॉर्मच्या गठ्ठ्यांमागे. आधी एक टेबल पूर्ण मोकळं होतं. ही अट कडक आहे, कारण पास झालेली व्हाउचरं पुढे महालेखापाल कार्यालयात जातात आणि त्यांच्यावर तेलाचे डाग नकोत. मग वर्तमानपत्राचे दोन पदर पसरायचे. चुरमुरे आणि कांदा आधी, चटणी फक्त निम्म्या भागावर, कारण उपलेखापाल मॅडमना पित्ताचा त्रास. फरसाण अगदी शेवटी. आधी टाकलं की मऊ पडतं आणि मग मामा सगळ्यांना ऐकवतात. चमचे नसतात. टाकाऊ फाइलींच्या पुठ्ठ्याचे चौकोन कापलेले असतात, ते दुमडून खायचं.

एरवी या कार्यालयात कोण कुणाच्या टेबलाशी उभं राहतं, हे पदावरून ठरतं. भेळेभोवती मात्र जागा हाताच्या लांबीवर ठरते. कोषागार अधिकारी साहेब आले तरी कुणी खुर्ची देत नाही, कारण बसून कागदापर्यंत हातच पोहोचत नाही. नव्यानं लागलेला क्लार्क पहिल्या दिवशी लाजत कडेचे चुरमुरे टिपत होता. मॅडमनी त्याच्यासमोर शेवेचा ढीग सरकवला आणि त्याच दमात विचारलं, "त्या आरोग्यवाल्यांच्या बिलाचं लेखाशीर्ष तपासलंस का?" त्यानं तोंडात घास असताना मान हलवली. आठ आकडी संकेतांकातला एक आकडा चुकलेला त्यानंच पकडला होता. हे सगळ्यांसमोर निघालं आणि साहेबांनीही ऐकलं. टिप्पणी लिहून एवढं कौतुक वर पोहोचायला किती टेबलं लागली असती!

बाकावर बसलेल्या आम्हा बाहेरच्या क्लार्कांनाही हाक येते. खायला या, पण पैसे काढायचे नाहीत. वर्गणी फक्त कोषागारातल्या लोकांची. मामा ती एका जुन्या डायरीत नावानिशी लिहितात, साहेबांचीसुद्धा. एकदा एका ठेकेदाराचा माणूस सगळ्यांसाठी पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला. बॉक्स न उघडता त्याच्याच हातात परत गेला. मला या रिवाजाचं फार अप्रूप वाटतं. अडलेल्या माणसाचं खाल्लं की उद्या त्याच्या बिलावर आक्षेप लावताना जीभ जड होते, हे तिथं कुणाला समजवावं लागत नाही. सरकारात कशालाही लेखाशीर्ष असतं, भेळेला नाही, तेच बरं.

भेळ एकत्र खाल्ली म्हणून आक्षेप टळत नाही, याचा पुरावाही लगेच मिळतो. एका वर्षी शेजारच्या तालुक्याचे एक भाऊसाहेब मोठ्या उत्साहानं पुढे झाले. लिंबं त्यांनीच पिळली, बियाही वेचून काढल्या. हात धुऊन सगळे जागेवर गेले आणि पाच मिनिटांत त्यांच्या नावाचा पुकारा झाला. एका प्रमाणकावर त्यांच्या साहेबांची सही राहिली होती.

"मॅडम, आत्ता तर एका कागदावर जेवलो आपण!"

"म्हणून तर आत्ता सांगतेय. उद्या सांगितलं असतं तर ३१ तारीख गेली असती. निघा, टोकन ठेवते."

भाऊसाहेब मोटारसायकलवरून तालुक्याला गेले. साहेब घरी जेवत होते, तिथंच सही घेतली, आणि अकराच्या आत परत आले. बिल पास झालं. तोवर भेळेचा कागदही उचलला गेला होता. मामांनी बाहेरच्या गाडीवरून दोन वडापाव आणून त्यांच्यापुढे ठेवले. भाऊसाहेबांनी खिशात हात घातला, तसे मामा म्हणाले, "राहू द्या, लिहून ठेवलंय."