प्लॅन वाढवायचा की राऊटर हलवायचा? भोकरच्या गावातलं वायरलेस इंटरनेट आणि त्याचं बिल

ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटणाऱ्यांसाठी हा आजचा भाग लेखी स्वरूपात.

भोकर तालुक्यातलं एखादं घर डोळ्यापुढं आणा. भिंती जाड, वर पत्रे, गच्चीच्या खांबावर छोटी डिश. रात्रीचे नऊ वाजलेत. अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज भरायचाय, कारण 2025 पासून हा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालाय. आणि मोबाईलवर चाक नुसतं गरगर फिरतंय. घरातले म्हणतात, "मोठा प्लॅन घ्या." थांबा! आधी अडचण कुठं आहे ते शोधू. नाहीतर दर महिन्याला जास्तीचे पैसे जातील आणि चाक फिरतच राहील.

इंटरनेट घरापर्यंत येतं कसं?

तालुक्याच्या गावापर्यंत फायबर असतं. तिथल्या टॉवरवरून रेडिओ लहरी तुमच्या डिशवर येतात. छोटे पुरवठादार बहुधा 5 गिगाहर्ट्झच्या लहरी वापरतात. सरकारने 2018 साली या पट्ट्याचा मोठा भाग परवान्यातून मोकळा केला, म्हणजे या लहरींसाठी लिलावात पैसे मोजावे लागत नाहीत. म्हणूनच गावात छोटा पुरवठादार तग धरू शकतो. पण हवा सगळ्यांची असल्यामुळं दोन पुरवठादारांच्या लहरी एकमेकांत घुसतात, हीही त्याची दुसरी बाजू.

या लहरींना समोरासमोर मोकळी वाट लागते. मध्ये टेकडी आली की खेळ संपला. पावसात नेट गेलं की आपण ढगांना दोष देतो, पण या लहरींना साधा पाऊस फारसा अडवत नाही. अडवतं ते वाटेत वाढलेलं झाड आणि त्याची ओली पानं. आणि बऱ्याचदा टॉवरची लाईट गेलेली असते.

तुमच्या बिलात काय काय असतं?

एक हिशेब करून बघू, आकडे समजुतीपुरते आहेत. पुरवठादाराने वरून 300 एमबीपीएस विकत घेतले आणि 60 घरांना 30-30 चा प्लॅन दिला. बेरीज होते 1800. मग ही फसवणूक आहे का? नाही. सगळे एकाच वेळी पूर्ण वेग वापरत नाहीत. रात्री 40 घरांत व्हिडिओ चालू असला आणि प्रत्येकाला 5 एमबीपीएस लागले, तर 200 मध्ये भागतं. पण तेवढ्याच 300 वर 200 घरं जोडली आणि त्यातली 120 एकदम बसली, तर लागतील 600. मग सगळ्यांचंच नेट रांगणार.

म्हणजे स्वस्त आणि महाग प्लॅनमधला खरा फरक पुष्कळदा इथं असतो, की तुमच्यासोबत वाटेकरी किती आहेत. शिवाय टॉवरचं भाडं, बॅटरी आणि दुरुस्तीला जाणाऱ्या पोराचं पेट्रोल हाही खर्च आहे. शहरात एका इमारतीत वीस ग्राहक मिळतात, इथं वीस ग्राहकांसाठी चार वाड्या फिराव्या लागतात.

जाहिरातीतला आकडाही नीट वाचा. 599 चा प्लॅन 18 टक्के जीएसटी धरून सुमारे 707 ला पडतो. डेटाची मर्यादा विचारा. 5 एमबीपीएसचा व्हिडिओ तासाला सव्वादोन जीबी खातो, त्यामुळं महिन्याला 1000 जीबी म्हणजे रोज साधारण पंधरा तास. बहुतेक घरांना ते पुरून उरतं.

आता घरातलं बघू

एक सोपी परीक्षा आहे. लॅपटॉप राऊटरला केबलने जोडा आणि वेग मोजा. एकदा पहाटे, एकदा रात्री नऊला.

- केबलवर वेग बरोबर, मोबाईलवर कमी: दोष घरातला. प्लॅन वाढवून उपयोग नाही.
- पहाटे बरोबर, रात्री कमी: वाटेकरी जास्त झालेत. पुरवठादाराशी बोला.
- दोन्ही वेळा कमी: डिश हललीय, वाटेत काही आलंय किंवा केबल खराब आहे.

दोष घरातला असेल तर राऊटर कपाटातून, टीव्हीमागून काढा आणि घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर ठेवा. पत्र्यातून लहरी जवळपास जातच नाहीत, म्हणून पत्र्याच्या खोलीसाठी केबल ओढून दुसरा राऊटर लावणं बरं. जाड भिंतीपलीकडं 2.4 गिगाहर्ट्झ पोचतं, त्याच खोलीत 5 वेगवान. 2.4 वर चॅनल 1, 6 किंवा 11 यांपैकी मोकळा निवडा. पासवर्ड बदला, शेजारची चार घरं आपल्याच बिलावर असू शकतात. आणि राऊटरला छोटा यूपीएस लावा.

शेजाऱ्याला वाय-फाय विकता येईल का?

घरचं कनेक्शन असंच विकणं नियमात बसत नाही. पण डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकानदारही परवान्याशिवाय वाय-फाय विकू शकतो, फक्त नोंदणीकृत कंपनीमार्फत. जून 2025 मध्ये ट्रायने ठरवलं, की 200 एमबीपीएसपर्यंतच्या प्लॅनसाठी अशा दुकानदाराकडून घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येणार नाही.

तर मंडळी, पुरवठादाराला फोन करताना "नेट चालत नाही" एवढंच म्हणू नका. "केबलवर पहाटे 28, रात्री 4" असं सांगा. पोरगं उडवाउडवी करणार नाही, कारण आकडा तुमच्याकडं आहे. आणि अर्जाची शेवटची तारीख असेल तर रात्री नऊची वाट बघू नका, पहाटे उठून भरा.

भेटू पुढच्या भागात!