कमलाची बांगडी, कामरानची गाडी आणि आपली मुले

सोळा वर्षांची एक मुलगी एका मुलासोबत खाण्याच्या ठिकाणी बसली आहे. गप्पा रंगल्या आहेत. एवढ्यात समोरून तिचा मोठा भाऊ आणि होणारी भाभी येतात. मुलगी गडबडते आणि तोंडाला येईल ते सांगून मोकळी होते : हा तर आपल्या नात्यातला भाऊ!

पाहणारे हसतात. आम्ही दोघेही हसलो. शेजारी बसलेली आमची चौदा वर्षांची मुलगी मात्र आमच्यापेक्षा जास्त हसली, आणि मग एकदम गप्प झाली. तिचे ते गप्प होणे आमच्या मनात राहिले. हा लेख त्यातूनच लिहिला आहे.

मालिकेचे नाव ‘मिस मार्व्हल’. जून-जुलै २०२२ मध्ये तिचे सहा भाग आले आणि आपल्याकडे हॉटस्टारवर घरोघरी पाहिले गेले. मालिकेची नायिका कमला खान ही अमेरिकेतील जर्सी सिटीत राहणाऱ्या, पाकिस्तानातून तेथे स्थायिक झालेल्या कुटुंबातील मुलगी. हे पात्र मुळात चित्रकथेतले. तिच्या नावाची स्वतंत्र चित्रकथा २०१४ साली सुरू झाली. ती लिहिणाऱ्या जी. विलो विल्सन यांनी स्वतः इस्लामचा स्वीकार केलेला आहे, तर पात्र घडवण्यात मोठा वाटा असलेल्या संपादिका सना अमानत न्यू जर्सीतल्या पाकिस्तानी कुटुंबात वाढल्या. पहिल्या संग्रहाला २०१५ मध्ये मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. पडद्यावर कमला साकारणारी इमान वेलानी कराचीत जन्मली आणि कॅनडात वाढली. हे तिचे अभिनयातले पहिलेच काम.

महामानवांच्या मालिकांत आपल्यासारखे घर दिसण्याची सवय आपल्या डोळ्यांना नाही. इथे मशीद आहे, ईदची जत्रा आहे, आल्या-गेल्याची बित्तंबातमी ठेवणाऱ्या खाला आहेत, थाटात होणारा निकाह आहे. मशिदीतून नकियाची पादत्राणे चोरीला जातात तेव्हा आमच्या घरात सगळ्यांत मोठा हशा पिकला. बायकांच्या नमाजाच्या जागेची दुरवस्था पाहून हीच नकिया मशिदीच्या समितीची निवडणूक लढवायला उभी राहते. तो प्रसंग मात्र कोणी हसण्यावारी नेला नाही.

एकाच वयात दोन गोष्टी

पहिल्या भागात कमलाला महामानवांच्या चाहत्यांच्या मेळाव्याला जायचे असते. घरून नकार मिळतो. नंतर अम्मी-अब्बू थोडे नरमतात आणि एक तोड काढतात : अब्बूही सोबत येतील, दोघांनी हल्क व्हायचे, हिरवे सलवार-कमीज घालून! हौसेने रंगून उभ्या असलेल्या बापाला मुलगी सांगते की हे लाजिरवाणे आहे. बापाचा चेहरा पडतो. रात्री ती खिडकीतून निसटते. पोशाखाला शोभेल म्हणून पणजीची जुनी बांगडी हातात चढवते, आणि त्या बांगडीतून तिला प्रकाशाची ताकद मिळते. पहिल्याच वापरात मेळाव्यात धांदल उडते आणि तिच्याच शाळेतली एक मुलगी मरता मरता वाचते.

दुसऱ्या भागात कामरान येतो. देखणा, वरच्या वर्गातला, हिंदी सिनेमांवर मनापासून बोलणारा. कमला नुकतीच गाडी चालवण्याच्या परीक्षेत नापास झालेली असते, आणि तो तिला गाडी शिकवतो. या भागाचे नाव ‘क्रश्ड’. इंग्रजीत त्या शब्दाचे दोन अर्थ निघतात : कोणावर तरी जीव जडणे आणि चिरडले जाणे. नाव ठेवणाऱ्याने आई-बापांच्या मनातली भीती नेमकी ओळखली आहे.

याच भागात ईदच्या दिवशी एक मुलगा फोटो काढण्याच्या नादात मशिदीच्या मनोऱ्यावरून लटकतो. कमला प्रकाशाच्या पायऱ्या करत वर धावते, त्याला धरते. पण ताकद अजून पुरती हातात आलेली नसते. शेवटच्या क्षणी तिचे भान हरपते आणि मुलगा निसटतो. जीव वाचतो, पण त्याला दुखापत होते. हेतू चांगला, हिंमत मोठी, तरीही इजा झालीच. ताकद मिळणे आणि ताकद पेलणे यांत किती अंतर आहे, हे मुलांना याहून सोप्या रीतीने सांगता येणार नाही.

त्यानंतर पाठलाग सुरू होतो. कमला पळत असताना कामरान गाडी घेऊन हजर होतो. ती सुटकेचा श्वास टाकून आत बसते, तर मागच्या आसनावर त्याची आई बसलेली! तिला आणि तिच्या साथीदारांना ती बांगडी हवी आहे. त्यांच्या दुनियेचा रस्ता त्या बांगडीने उघडणार आहे, मग आपल्या दुनियेचे काहीही होवो. मुलगा गोड बोलत होता, पण त्याच्यामागे कोण होते हे मुलीला ठाऊकच नव्हते.

इथे मालिकेने कामरानवर अन्याय केलेला नाही. तो वाईट मुलगा नाही. आमिरच्या निकाहात आपली आई हल्ला करणार हे कळताच तो धावत येऊन कमलाला सावध करतो. पण तोवर उशीर झालेला असतो. भरल्या मांडवात धावाधाव होते, आणि अम्मी-अब्बू मुलीला विचारतात की हे काय चालले आहे. तिच्याकडे उत्तर असते, पण तोंड उघडत नाही. इतके दिवस घरात कोणाला काहीच सांगितलेले नसते, मग त्या क्षणी सुरुवात तरी कोठून करणार?

ताकद एकच, घरे दोन

आम्हाला या मालिकेत सगळ्यांत महत्त्वाचे वाटले ते शेवटच्या तीन भागांत. कमला कराचीला नानीकडे जाते. तिथे १९४७ च्या फाळणीच्या रात्रीची, गर्दीत हरवलेल्या लहानग्या नानीची कहाणी उलगडते. शेवटी मुनीबा, म्हणजे कमलाची अम्मी, मुलीला शोधत येते आणि सारे सत्य डोळ्यांनी पाहते. ती आरडाओरडा करत नाही. कधीकाळी आपणही आपल्या अम्मीचे बोलणे वेडेपणा समजून घर सोडले होते, हे तिला आठवते. मग ती मुलीला जवळ घेते.

घरी परतल्यावर कमला धीर एकवटून सगळ्यांना सांगायला बसते, तर अम्मीने आधीच सर्वांना सांगून टाकलेले असते! पहिल्या भागात ज्या अम्मीने मेळाव्याला जाऊ दिले नव्हते, तीच शेवटच्या भागात मुलीसाठी खास पोशाख घेऊन येते. आणि ज्या अब्बूंना मुलीने नाही म्हटले होते, ते गच्चीवर तिला तिच्या नावाचा अर्थ सांगतात.

त्याच वेळी कामरानलाही ताकद मिळते. पण त्याची आई नुकतीच गेलेली आहे, राहायला घर नाही, मागे शस्त्रे घेतलेली माणसे लागली आहेत. त्याच्या हातातली ताकद रस्ते उखडते, गाड्या उलथवते. कमलाचे वय आणि कामरानचे वय जवळपास सारखेच. दोघांच्या ताकदीचा उगमही एकच. फरक इतकाच की एकीच्या मागे घर उभे होते आणि दुसऱ्याच्या मागे कोणीच नव्हते.

जी बाब खटकते

मालिकेत सारेच आपल्या पसंतीचे आहे असे नाही. कामरानच्या आईच्या टोळीला जिन्न म्हटले आहे आणि ‘नूर’ हे एका दुसऱ्या दुनियेचे नाव करून टाकले आहे. ही शुद्ध कल्पना आहे. जिन्नांना आगीपासून निर्माण केल्याचे कुरआनात आले आहे. लहान मुले मालिका पाहणार असतील तर हा फरक आपणच समजावून द्यावा. पार्टीची, मुलामुलींच्या मोकळ्या मिसळण्याची दृश्येही आहेत. तरीही मुले चोरून एकट्याने पाहतील त्यापेक्षा आपण सोबत बसून पाहणे बरे, असे आमचे मत आहे.

मदयनच्या विहिरीवर

मालिका संपल्यावर आम्हाला सूरह कससमधला हजरत मूसा (अलैहिस्सलाम) यांचा प्रसंग आठवला. मदयनच्या पाणवठ्यावर दोन मुली आपली जनावरे घेऊन बाजूला थांबलेल्या. मूसा पुढे होऊन त्यांच्या जनावरांना पाणी पाजतात आणि सावलीत जाऊन बसतात. पुढे त्यांपैकी एक मुलगी वडिलांना सुचवते की या माणसाला कामावर ठेवा, असा माणूस सर्वांत चांगला जो ताकदवान आहे आणि अमानतदारही.

ती हयादार मुलगी आहे. तिच्या चालण्यातली हयाही कुरआनाने नोंदवली आहे. पण हया म्हणजे मुकेपणा नव्हे. एका परक्या तरुणाविषयीचे आपले मत ती थेट वडिलांसमोर मांडते. वडीलही ‘तुला काय करायचे आहे?’ म्हणून तिला गप्प करत नाहीत. ते ऐकतात, आणि जबाबदारीने निकाहाचा विषय स्वतः काढतात. ताकद आणि अमानत हे दोन शब्द त्या मुलीने एकत्र उच्चारले. कमलाची सगळी कहाणी याच दोन शब्दांभोवती फिरते.

आमच्या घरात

मालिका संपली त्याच्या तिसऱ्या रात्री मुलगी आमच्या खोलीत आली. शिकवणीतला एक मुलगा दोन महिन्यांपासून फोनवर संदेश पाठवत होता. आधी गृहपाठ, मग विनोद, मग रात्रीच्या गप्पा. तिला ते आवडत होते, हेही तिने सांगितले. आता तो फोटो मागत होता आणि दिला नाही तर आधीच्या गप्पा सगळ्यांना दाखवीन म्हणत होता.

खरे सांगायचे तर आमचे रक्त तापले. एकाचा हात तिचा फोन काढून घेण्यासाठी पुढे झाला होता. दुसऱ्याने तो धरला. त्या क्षणी फोन हिसकावला असता तर पुढची गोष्ट तिने आम्हाला कधीच सांगितली नसती. आम्ही फक्त विचारले, “फोटो पाठवलास का?” ती म्हणाली, “नाही.” मग म्हणाली, “अम्मी, तुम्ही ओरडणार नाही ना?” आणि रडली.

दुसऱ्या दिवशी आम्ही ते संदेश जपून ठेवले आणि शिकवणीच्या सरांमार्फत त्या मुलाच्या घरी गेलो. त्याचे अब्बा भले माणूस निघाले. मुलगाही रडला. तोही पंधराच वर्षांचा होता. हातातल्या वस्तूने दुसऱ्याचे आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकते, हे त्याला कोणी समजावले नव्हते. आमच्या मुलीलाही आम्ही फोन दिला होता, समज दिली नव्हती. बांगडी हातात चढवली आणि तिच्यातून काय निघेल हे सांगायचे राहून गेले.

हे सारे आम्ही मुलीची परवानगी घेऊन लिहीत आहोत. तिचे म्हणणे, दुसऱ्या एखाद्या घरात उपयोगी पडले तर लिहा.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. या वयात मन कोणाकडे ओढले जाणे हा गुन्हा नाही, तो वयाचा भाग आहे. त्याला वळण लावणे हे आपले काम. मुलगा असो की मुलगी, दोघांशी सारखेच बोला, कारण फोटो मागणाराही कोणाच्या तरी घरातला लाडका असतो. धमकीपर्यंत गोष्ट गेली असेल तर पुरावा पुसू नका. अब्रूच्या भीतीने गप्पही बसू नका. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे, आणि पोलिसांकडे जाण्यात कमीपणा नाही.

आणि मूल काही सांगायला आले तर आधी पूर्ण ऐकून घ्या. त्या रात्री आमच्या मुलीला दारातून आमच्या पलंगापर्यंत यायला तीन दिवस लागले होते. अल्लाह आपल्या सर्वांच्या घरांतले ते अंतर कमी करो. आमीन.