बरणीत भरलेला खेळ

समजा उद्या तुमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. महिनाभर खपून तुम्ही घरच्या कॉम्प्युटरवर जावा भाषेत प्रश्नमंजूषेचा खेळ तयार केलाय. घरी तो झकास चालतो. आजोबा तर तीनदा खेळले आणि तिन्ही वेळा हरले! तुम्ही खेळाची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन शाळेत जाता. बाई आणि परीक्षक समोर उभे. तुम्ही ऐटीत बटण दाबता आणि पडद्यावर उमटतं : ‘नो क्लास डेफ फाउंड एरर’!

म्हणजे कॉम्प्युटर म्हणतोय, “मला लागणारा एक भाग इथे सापडतच नाही.”

खेळ तोच, तुम्हीही तेच. मग चुकलं कुठे? चुकलं ते बांधाबांधीत. सहलीला निघताना बॅग भरली, पण पाण्याची बाटली ओट्यावरच राहिली, तसं! म्हणूनच आज आपण प्रोग्रामची बांधाबांध कशी करतात ते पाहू या.

बरणी आली कुठून?

जावा ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीने 1995 साली जगासमोर आणली. तिचे जनक जेम्स गॉस्लिंग. आधी तिचं नाव होतं ‘ओक’, त्यांच्या ऑफिसबाहेरच्या ओकच्या झाडावरून. पुढे कॉफीवरून ‘जावा’ हे नाव पडलं. म्हणून तर तिच्या चिन्हात वाफाळता कप दिसतो!

जावात लिहिलेला प्रोग्राम म्हणजे एकच फाइल नसते. त्याचे अनेक तुकडे होतात. प्रत्येक तुकडा म्हणजे एक ‘क्लास’. शिवाय चित्रं, आवाज, प्रश्नांची यादी हे सगळं वेगळंच. एवढा पसारा सांभाळायला 1997 साली जावाच्या 1.1 या आवृत्तीबरोबर ‘जार’ फाइल आली. जार म्हणजे ‘जावा आर्काइव्ह’चं लघुरूप. पण इंग्रजीत जार म्हणजे बरणीसुद्धा, आणि तोच अर्थ आपल्याला सोयीचा!

गंमत म्हणजे ही बरणी आतून आपली ओळखीची झिप फाइलच असते. झिप ही पद्धत फिल कॅट्झ या प्रोग्रामरने 1989 मध्ये तयार केली. आजही झिप किंवा जार फाइलच्या अगदी सुरुवातीला इंग्रजी ‘पी’ आणि ‘के’ ही दोन अक्षरं असतात. ती त्याच्याच नावाची आद्याक्षरं!

चिठ्ठीशिवाय बरणी आंधळी

मग झिपमध्ये आणि जारमध्ये फरक काय? फरक आहे एका चिठ्ठीचा. बरणीच्या आत ‘मेटा-इन्फ’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘मॅनिफेस्ट’ नावाची छोटी फाइल असते. तिच्यात ‘मेन-क्लास’ या शब्दापुढे लिहायचं, की सुरुवात कोणत्या क्लासपासून करायची. शंभर तुकड्यांतला पहिला कोणता, हे बिचाऱ्या कॉम्प्युटरला कसं कळणार? ही ओळ असली, की ‘जावा’, मग ‘-जार’ आणि मग फाइलचं नाव (अर्थात इंग्रजी अक्षरांत) टाइप केलं, की खेळ सुरू!

ही चिठ्ठी हाताने लिहिणाऱ्यांसाठी एक खुबी. शेवटच्या ओळीनंतर एन्टर दाबायला विसरू नका. नाहीतर जावा ती ओळ वाचतच नाही आणि तुम्ही डोकं खाजवत बसता.

आणखी एक. नुसतं लोणचं खाऊन पोट भरत नाही, सोबत पोळी लागते. तशी जार फाइल चालवायला त्या कॉम्प्युटरवर जावा असावीच लागते, आणि तीही पुरेशी नवी. घरी नवी जावा आणि शाळेत जुनी असेल, तर खेळ सुरू व्हायलाच नकार देऊ शकतो. यावरही उपाय आहे. 2021 मध्ये आलेल्या जावा 16 पासून ‘जेपॅकेज’ हे साधन पूर्ण तयार रूपात मिळतं. ते खेळाबरोबर जावाही बांधून देतं. म्हणजे लोणचं पोळीसकट!

मदतनीस आणि मदतनिसांचे मदतनीस

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सापडला नाही तो भाग कोणता?

सगळंच आपण स्वतः लिहीत नाही. प्रश्नांची फाइल वाचायला समजा तुम्ही गूगलने तयार केलेली ‘जीसन’ ही लायब्ररी वापरली. ती स्वतंत्र जार फाइल असते. तुमचा खेळ तिच्यावर अवलंबून, म्हणून तिला ‘डिपेंडन्सी’ म्हणतात. आपण तिला मदतनीस म्हणू. घरी ती कॉम्प्युटरवर होती. शाळेत फक्त तुमचा खेळ गेला, मदतनीस घरीच राहिला!

त्याला सोबत न्यायचे तीन मार्ग आहेत.

पहिला : मदतनिसांच्या जार फाइल शेजारच्या फोल्डरमध्ये ठेवायच्या आणि चिठ्ठीत ‘क्लास-पाथ’ या शब्दापुढे त्यांचा पत्ता द्यायचा. मात्र फोल्डर न्यायला विसरलात, की पुन्हा तीच फजिती.

दुसरा : सगळ्या बरण्या एका मोठ्या बरणीत रिकाम्या करायच्या. हिला ‘फॅट जार’, म्हणजे चक्क लठ्ठ बरणी म्हणतात! न्यायला सोपी, पण दोन बरण्यांत एकाच नावाची फाइल असेल तर एक दुसरीवर चढून बसते.

तिसरा : बरणीत अख्ख्याच बरण्या ठेवायच्या. पण साधी जावा आतल्या बरणीचं झाकण उघडत नाही. त्यासाठी खास व्यवस्था लागते. ‘स्प्रिंग बूट’सारखी साधनं ती पुरवतात.

बरं, मदतनिसालाही मदतनीस असतात, आणि त्यांनाही! ही वरात हाताने गोळा करणं अवघड. म्हणून ‘मेव्हन’सारखी साधनं निघाली. मेव्हनची पहिली आवृत्ती 2004 मध्ये आली. कोण कोण हवं, कोणत्या आवृत्तीचं हवं, याची यादी तुम्ही द्यायची. बाकीची पळापळ मेव्हन करतो. एकाच मदतनिसाच्या दोन आवृत्त्या मागितल्या गेल्या, तर ज्याचं नातं तुमच्या प्रोग्रामशी जवळचं, त्याला तो निवडतो. पण दुसऱ्याला हवी असलेली सोय त्या आवृत्तीत नसली, तर प्रोग्राम ऐन रंगात येऊन बंद पडतो!

एका नोंदवहीने उडवलेली झोप

“एवढी कटकट कशाला? सगळं भरा आणि झाकण लावा!” असं कुणी म्हणेल. त्यांना डिसेंबर 2021 ची गोष्ट सांगायला हवी.

‘लॉगफोरजे’ नावाचा जावातला एक मदतनीस आहे. काम अगदी साधं : प्रोग्राममध्ये काय घडलं याची नोंदवहीत नोंद ठेवायची. तो मोफत मिळतो आणि त्याची देखभाल करणारे लोक होते मोजके स्वयंसेवक. जगभरच्या असंख्य प्रोग्राम्समध्ये तो होता. तुमच्यापैकी पुष्कळांचा लाडका ‘माइनक्राफ्ट’, त्याच्या जावा आवृत्तीतही!

त्या महिन्यात उघड झालं, की या नोंदवहीत एक भयंकर चूक आहे. ठरावीक पद्धतीचा मजकूर लिहायला आला, की ती नुसती नोंद न करता त्या मजकुराचा हुकूम पाळू लागे. दूरच्या अनोळखी कॉम्प्युटरवरून प्रोग्राम आणून तो चालवे! माइनक्राफ्टच्या गप्पांच्या चौकटीत कुणी अशी एक ओळ टाइप केली, तरी समोरचा कॉम्प्युटर ताब्यात जाऊ शके. धोक्याच्या मोजपट्टीवर या चुकीला 10 पैकी 10 गुण मिळाले. असे गुण कुणालाच नकोत!

माइनक्राफ्टने 10 डिसेंबरला दुरुस्त आवृत्ती आणली. लॉगफोरजेच्या स्वयंसेवकांनीही रात्रीचा दिवस करून एकापाठोपाठ एक दुरुस्त्या दिल्या. पण अनेक कंपन्यांपुढचा पहिला प्रश्न दुरुस्तीचा नव्हताच. प्रश्न होता, “आमच्या बरणीत हा आहे का?” कुठे तो लठ्ठ बरणीत मिसळून गेला होता, कुठे बरणीतल्या बरणीत दडला होता. आपण कुणाच्या भरवशावर उभे आहोत, हेच अनेकांना ठाऊक नव्हतं!

बिस्किटाच्या पुड्यावर घटकांची यादी का छापतात? ज्याला शेंगदाणा चालत नाही, त्याला ती वाचून वेळीच सावध होता यावं म्हणून. तशीच घटकयादी सॉफ्टवेअरलाही असावी, असा आग्रह त्यानंतर वाढला. भारतातल्या ‘सर्ट-इन’ या सरकारी संस्थेनेही 2024 मध्ये अशा यादीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या.

करून पाहा

आई-बाबांना किंवा ताई-दादाला सोबत घ्या. विश्वासाच्या ठिकाणाहून घेतलेल्या एखाद्या जार फाइलची नक्कल करा. नकलेच्या नावातलं शेवटचं ‘जार’ काढून तिथे ‘झिप’ लिहा आणि ती उघडा. आत मेटा-इन्फ फोल्डर शोधा आणि चिठ्ठी वाचा. ‘मेन-क्लास’ सापडला? शाब्बास!

आणि पालकांनो, एक लक्षात असू द्या. जार फाइल म्हणजे चित्र किंवा गाणं नव्हे, तो चालणारा प्रोग्राम आहे. खेळाचे ‘मॉड’ म्हणून कुणीही पाठवलेली जार मुलांना डोळे झाकून उघडू देऊ नका.

आता प्रदर्शनाला जाण्यापूर्वी खेळ दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरवर चालवून बघाल ना? मदतनीस सोबत घ्या, त्यांची यादी ठेवा आणि त्यांचे आभार मानायला विसरू नका. आजोबांना चौथ्यांदा हरवायचंय अजून!