दर्याचे गणित आपल्यालाही यायला हवे

दिवाळीची सुटी लागली किंवा परीक्षा संपल्या, की वस्तीवस्तीतून सहली निघतात. तरुण मंडळे, महिला मंडळे, पतपेढीचे सभासद मांडवा, मुरूड-जंजिरा, मालवण गाठतात. घारापुरीला तर आपली मंडळी आवर्जून जातात. तिथल्या पूर्वेकडच्या टेकडीवर स्तूपाचे अवशेष आहेत. अलीकडे काही मुले भाड्याने कयाक किंवा छोटी शिडाची होडीही चालवू लागली आहेत. ही आनंदाचीच गोष्ट आहे.

पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी घेण्यासाठी परमपूज्य बाबासाहेबांना महाडला सत्याग्रह करावा लागला. ज्यांच्या आजा-पणजांना विहिरीच्या काठाला उभे राहू दिले नाही, त्यांना पोहायला शिकवणार कोण? म्हणून आपल्या कित्येक घरांत आजही पाण्याची भीती तरी आहे, नाहीतर पाण्याविषयी अज्ञान तरी. दोन्ही घातकच.

१३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूजवळ विद्यार्थ्यांनी भरलेली होडी उलटली आणि तीन मुली गेल्या. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचवर नौदलाची स्पीडबोट आदळली. १५ जणांचे प्राण गेले. ती धडक प्रवाशांच्या हातची नव्हती. पण होडीत किती माणसे चढली हे पाहणे आणि जॅकेट मागून घेणे आपल्या हाती असते.

समुद्र आपल्याला परका नाही

आजचे नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उजेडात आणला. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही तिथे सापडले. कान्हेरीच्या लेण्यांना सोपारा, कल्याण या बंदरांतल्या व्यापाऱ्यांनी दाने दिली. दीघनिकायातील केवट्ट सुत्तात जमीन शोधण्यासाठी होडीतून पक्षी सोडणाऱ्या व्यापाऱ्यांचा दृष्टान्त आहे. पक्ष्याला जमीन दिसली तर तो तिकडे उडून जाई. न दिसली तर होडीवर परत येई. म्हणजे नुसत्या श्रद्धेवर नव्हे, निरीक्षणावर होडी चालत असे. तेच निरीक्षण आजही उपयोगी पडते.

भरतीची वेळ

भरती-ओहोटी हा कुणाचा कोप नाही. चंद्र-सूर्याच्या ओढीचा तो परिणाम आहे. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला पूर्ण भरती साधारण बारा वाजता येते, दुपारी आणि रात्री. नंतर दर तिथीला ती सुमारे ४८ मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पूर्ण भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हे ढोबळ गणित झाले. नेमकी वेळ भरतीच्या कोष्टकातच पाहावी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, पाणी जास्त चढते, जास्त उतरते आणि ओढही जबर असते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, पाणी त्या मानाने शांत.

पाणी सहा तास सारखेच चढत नाही. एकूण चढाचे बारा वाटे करा. पहिल्या तासाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्यालाही तीन, मग दोन आणि शेवटी एक. चार मीटर चढ असेल, तर पहिल्या तासात पाणी हातभरही चढत नाही. तिसऱ्या तासात मात्र पूर्ण मीटरभर चढते. खडकावर फोटो काढत बसलेली मुले फसतात ती इथे. खाडीच्या तोंडाशी प्रवाहाचा जोरही याच मधल्या दोन तासांत सर्वांत जास्त असतो.

जाताना अर्धा तास, येताना अडीच

एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. तासाला एक सागरी मैल वेग म्हणजे एक नॉट. समजा, मुलगा तीन नॉटने वल्हवतो आणि ओहोटीची ओढ दोन नॉट आहे. ओढीबरोबर तो पाच नॉटने जातो. अर्ध्या तासात अडीच मैल दूर. आपल्या ताकदीचा त्याला अभिमान वाटतो. परत फिरला की वेग उरतो एक नॉट. त्याच अडीच मैलांना अडीच तास, तेही न थकता वल्हवले तर! म्हणून शक्यतो जाताना प्रवाहाविरुद्ध जावे, परतताना प्रवाहाबरोबर. हिशेब आधी, हौस नंतर.

खुणा आणि वारा

किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धराव्यात, जेट्टीचा खांब आणि त्यामागचा टॉवर. मागचा टॉवर खांबाच्या डावीकडे दिसू लागला, तर आपण डावीकडे वाहवलो आहोत असे समजावे. होकायंत्र असेल तर दोन खुणांच्या दिशा घेऊन नकाशावर रेघा काढाव्यात; रेघा छेदतात तिथे आपण. समुद्रातून बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला राहतो. मोबाइल दिशा दाखवतो हे खरे, पण भिजला किंवा चार्जिंग संपले की तो मुका होतो.

हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो आणि होडीला बाहेर ढकलतो. दुपारनंतर समुद्राकडून वारा येतो, लाटा वाढतात. म्हणून छोटी होडी सकाळी न्यावी, पण किनाऱ्याजवळच ठेवावी आणि दुपारच्या आत परतावे. पावसाळ्यात तर हौसेने समुद्रात जाऊच नये.

सहलीआधी मंडळाने एवढे करावे

भरतीची वेळ फळ्यावर लिहावी. कोण कुठे जाणार, केव्हा परतणार हे काठावरच्या माणसाला सांगून ठेवावे. जॅकेट बाकाखाली नव्हे, अंगात असावे. मुलांना मापाचे द्यावे. जादा माणसे भरली असतील तर खाली उतरावे, भाडे बुडाले तरी चालेल. संकटात तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लावावा. त्या किनाऱ्यावरच्या कोळी बांधवाला विचारल्याशिवाय होडी पाण्यात लोटू नये. कोळी, खारव्यांनी हे शास्त्र पुस्तकाविना पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे. त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा नाही. आणि मुलामुलींना, विशेषतः मुलींना, पोहायला शिकवावे.

पाली भाषेत ‘दीप’ या शब्दाचा अर्थ दिवा होतो, तसाच बेटही. तथागतांनी स्वतःच स्वतःचा आधार व्हायला सांगितले, त्यात हे दोन्ही अर्थ आहेत. बाबासाहेबांनी आपल्याला पाण्यापर्यंत नेले. त्या पाण्यात सुखरूप जाणे आणि सुखरूप परतणे, हे शिकण्याचे काम आता आपले आहे.

जयभीम!